एकच बदल शेकडो फाइलींत: मोठ्या सी प्रकल्पात कॉक्सिनेल कसं वापरायचं

कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकणारे किंवा नुकतेच नोकरीला लागलेले, सी बऱ्यापैकी येणारे आणि लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पात काम करू पाहणारे, अशांसाठी हे लिहिलं आहे. पॉइंटर, मॅक्रो आणि गिटची ओळख आहे असं धरलंय. फंक्शनची नावं, कमांड आणि कोड इथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर मात्र ते मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायचे.

कर्नलमध्ये एखाद्या फंक्शनची आर्ग्युमेंट बदलली की ते वापरणारा प्रत्येक ड्रायव्हर बदलावा लागतो. २०१७ मध्ये टाइमरच्या बाबतीत तसं झालं. कॉलबॅकला आधी अनसाइन्ड लाँग मिळायचा, पुढे थेट टाइमरच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर मिळू लागला. म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरमध्ये टाइमर सुरू करण्याची ओळ, कॉलबॅकची सही (त्याची आर्ग्युमेंट आणि त्यांचे टाइप) आणि कॉलबॅकच्या आतली पहिली ओळ, हे तिन्ही एकमेकांना धरून बदलायचं. मजकूर शोधून बदलणाऱ्या सेड कमांडला अक्षरं कळतात, सी कळत नाही, त्यामुळे असलं काम सेडच्या आवाक्यातलं नाही. त्या वेळी यातले बरेच बदल कॉक्सिनेल या सी कोड नियमाने बदलणाऱ्या साधनाने झाले आणि ४.१५ आवृत्तीपर्यंत जुनी पद्धत कर्नलमधून गेली.

कॉक्सिनेल ओकॅमल भाषेत लिहिलेलं आहे. ज्युलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुळात लिनक्सच्या ड्रायव्हरमधल्या अशाच बदलांसाठी तयार केलं. त्याला दिलेल्या नियमाला सिमँटिक पॅच म्हणतात. तो साध्या डिफसारखाच दिसतो, पण ओळींऐवजी सीच्या रचनेशी जुळवून बघतो.

दुसरा पर्याय क्लँग-टायडीचा, म्हणजे क्लँग कंपायलरबरोबर येणाऱ्या कोड तपासणाऱ्या साधनाचा. त्याला टाइप अचूक कळतात, कारण ते खऱ्या कंपायलरवर चालतं. पण त्याच कारणाने एका वेळी एकच कॉन्फिगरेशन दिसतं. इफडेफच्या बंद फांदीतला कोड त्याच्या दृष्टीने नसतोच. कॉक्सिनेल प्रीप्रोसेसर न चालवता सोर्स जसा आहे तसा वाचतं, म्हणून एआरएम, एक्स८६ सगळ्यांचा कोड एका फेरीत दिसतो. बदल्यात टाइपची माहिती कच्ची राहते आणि काही मॅक्रो त्याला वाचताच येत नाहीत. झाडभर, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या सोर्स फाइलींत, एकसारखा बदल करायचा तर कॉक्सिनेल घ्या. एका मॉड्यूलमध्ये टाइपवर अवलंबून असलेला बारीक बदल असेल तर क्लँग-टायडी बरं. अख्ख्या झाडात दुसरीकडे कुठेच न येणाऱ्या नावाचा नुसता बदल असेल, तर सेड पुरेसं आहे.

तयारी

उबुंटू किंवा डेबियनवर ॲप्टमधून कॉक्सिनेल नावाचं पॅकेज घ्या. मिळणाऱ्या कमांडचं नाव एसपॅच. त्याला --व्हर्जन देऊन पायथनची सोय आहे का ते पाहून ठेवा, कारण कर्नलच्या बऱ्याच तयार नियमांचा अहवाल पायथनमधून छापला जातो. काही नियमांच्या डोक्यावर 'रिक्वायर्स' अशी ओळ असते. तिथली आवृत्ती तुमच्याकडच्यापेक्षा नवी असेल तर तो नियम तुमच्याकडे चालणार नाही.

कर्नलचं झाड उतरवताना नुसता सराव असेल तर गिट क्लोनला डेप्थ १ (फक्त शेवटची कमिट) पुरेशी आहे. पॅच पाठवायचा असेल तर इतिहास लागतोच, कारण विषयाच्या ओळीची त्या विभागातली पद्धत गिट लॉगमधूनच कळते.

स्वतःचा नियम लिहिण्याआधी तयार नियम चालवून बघा. ते स्क्रिप्ट्स/कॉक्सिनेल या फोल्डरमध्ये एपीआय, फ्री, लॉक्स, नल अशा गटांत ठेवलेले आहेत.

    मेक कॉक्सीचेक मोड=रिपोर्ट एम=ड्रायव्हर्स/इनपुट

एम दिला नाही तर अख्खं झाड तपासायला घेतं आणि साध्या लॅपटॉपवर फार वेळ खातं. एकच नियम हवा असेल तर कॉक्सी=... असा त्याचा पाथ द्या. मोड चार आहेत: पॅच, रिपोर्ट, काँटेक्स्ट आणि ऑर्ग. यातला पॅच मोड फाइली बदलत नाही, डिफ छापतो. तो लावायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. गिटच्या स्वतःच्या सोर्समध्येही मेक कॉक्सीचेक आहे. तिथलं झाड लहान असल्याने शिकायला ते जास्त सोयीचं.

पहिला नियम

मेमरी घेऊन लगेच ती शून्याने भरणारा कोड जुन्या ड्रायव्हरमध्ये सापडतो. केझॅलॉक दोन्ही कामं एकदम करतं.

    @@
    एक्स्प्रेशन क्ष, आकार, फ्लॅग;
    स्टेटमेंट स;
    @@
    - क्ष = केमॅलॉक(आकार, फ्लॅग);
    + क्ष = केझॅलॉक(आकार, फ्लॅग);
      इफ (क्ष == नल) स
    - मेमसेट(क्ष, ०, आकार);

वरच्या दोन @@ खुणांमध्ये मेटाव्हेरिएबलं जाहीर करायची. क्ष म्हणजे कुठलंही एक्स्प्रेशन, मग ते साधं व्हेरिएबल असो की डेव्ह->प्रिव्ह. पण एकदा जुळलं की पुढे नियमभर तेच असायला हवं. वजा आणि अधिक ही चिन्हं ओळीच्या अगदी पहिल्या रकान्यात. एखादं नाव जाहीर करायचं राहिलं तर कॉक्सिनेल ते शब्दशः नाव समजतं, झाडात त्या नावाचं काही सापडत नाही आणि नियम मुकाट्याने शून्य निकाल देतो. म्हणून आधी --पार्स-कॉक्सी देऊन नियम कसा वाचला गेलाय ते तपासा.

इफच्या ओळीत नलशी तुलना आहे, पण खऱ्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी !क्ष असतं. ते वेगळं लिहावं लागत नाही. आयसोमॉर्फिझम नावाची समान अर्थाच्या रूपांची एक यादी कॉक्सिनेलबरोबरच येते. क्ष == नल, नल == क्ष आणि !क्ष ही तिन्ही त्याला एकच वाटतात.

आकार मात्र दोन्हीकडे एकाच शब्दांत लिहिलेला हवा. वर साइझऑफ(*क्ष) आणि खाली साइझऑफ(स्ट्रक्ट अमुक) असेल तर माणसाला ते एकच दिसतं, नियमाला दिसत नाही. ती जागा सुटते आणि सुटल्याची सूचनाही येत नाही.

मधल्या ओळी कशाही असतील तेव्हा तीन टिंबं वापरतात. ती फाइलीतल्या पुढच्या ओळी न बघता अंमलबजावणीच्या वाटा बघतात, म्हणजे इफची एक बाजू, दुसरी बाजू, गोटूने एररकडे उडी. टिंबांपुढे 'व्हेन != क्ष' लिहिलं की मधल्या वाटेवर क्ष कुठेही येता कामा नये अशी अट लागते. वरच्या नियमात इफच्या ओळीऐवजी ही अट घातली तर नलची तपासणी असलेली एकही जागा जुळणार नाही, कारण नलची तपासणी हाच क्षचा उल्लेख आहे. नवशिक्यांचा नियम शून्य निकाल देतो त्याचं हे नेहमीचं कारण.

वजा-अधिक लावण्याआधी वजाच्या जागी तारा, म्हणजे *, घालून अधिकच्या ओळी काढा आणि एकदा चालवा. जुळलेल्या जागा नुसत्या दाखवल्या जातात. नियमात टिंबं असतील तर एक फरक लक्षात ठेवा: ताऱ्याच्या नियमाला एक वाट जुळली तरी चालते, बदल करणाऱ्या नियमाला सगळ्या वाटा जुळाव्या लागतात. त्यामुळे ताऱ्याने दिसलेल्या काही जागा पुढे बदलल्या जात नाहीत. तो दोष नाही. त्या जागा हाताने बघायच्या असतात.

चालवताना

    एसपॅच --एसपी-फाइल शून्य.कॉक्सी --डिर ड्रायव्हर्स/इनपुट --जॉब्स ४ > निकाल.डिफ २> त्रुटी.लॉग

पहिल्या फेरीत --व्हेरी-क्वाएट लावू नका. त्रुटी वेगळ्या फाइलीत घ्या आणि त्यात ईएक्सएन ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. अशी प्रत्येक ओळ म्हणजे एक फाइल अर्धवट सुटली. बहुतेक वेळा कारण टाइमआउट असतं. कर्नलच्या मुळाशी असलेल्या डॉट-कॉक्सीकॉन्फिग फाइलीत मर्यादा २०० सेकंदांची ठेवलेली आहे. लांबलचक फंक्शनं आणि नियमात दोन-तीनदा आलेली टिंबं एकत्र आली की तेवढी पुरत नाही. सुटलेल्या फाइली मर्यादा वाढवून एकेक चालवा.

--डिर दिलं की फक्त डॉट-सी फाइली बघितल्या जातात. हेडरमधल्या इनलाइन फंक्शनांसाठी --इन्क्लूड-हेडर्स लागतं. नियमात 'स्ट्रक्ट अमुक *क्ष' असा टाइप असेल तर ते स्ट्रक्चर जिथे लिहिलंय तो हेडर वाचला जायला हवा. त्यासाठी --ऑल-इन्क्लूड्स, त्याने भागलं नाही तर --रिकर्सिव्ह-इन्क्लूड्स. दुसऱ्याने वेळ आणि मेमरी दोन्ही फार लागतात. आठ जीबीच्या लॅपटॉपवर जॉब्स दोनवर आणा.

सुटलेल्या जागा

या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि बहुतेक जण तो करतच नाहीत. जे बदललं ते डिफमध्ये दिसतं, मेंटेनर, म्हणजे कर्नलच्या त्या विभागाचा जबाबदार माणूस, ते वाचतो. जे बदलायला हवं होतं आणि बदललं नाही, ते कुणालाच दिसत नाही. जुनं फंक्शन काढून टाकायच्या दिवशी बिल्ड मोडतो तेव्हा ते पुढे येतं. त्याहून वाईट म्हणजे बिल्ड न मोडता अर्थच बदलतो.

म्हणून नियम चालवण्याआधी जुन्या नावाच्या सगळ्या जागा मोजून ठेवा (इथे उदाहरणाला स्ट्रिंग उतरवून घेणारं जुनं फंक्शन स्ट्रलकॉपी):

    गिट ग्रेप -एन -डब्ल्यू स्ट्रलकॉपी -- ड्रायव्हर्स/इनपुट

बदलानंतर पुन्हा मोजा. उरलेल्या प्रत्येक ओळीपुढे ती का उरली ते लिहा. कारणं साधारण ठरलेली असतात: कॉमेंटमधला उल्लेख, मॅक्रोच्या आतला वापर, नियमाच्या अटीत न बसणारं रूप, किंवा फंक्शन वाचताच न येणं. शेवटचं सर्वांत फसवं. एखादा विचित्र मॅक्रो कॉक्सिनेलला उलगडला नाही तर ते त्या ओळीपुरतं थांबत नाही, अख्खं फंक्शन बाजूला ठेवतं. फाइल --पार्स-सी ने तपासली की कुठे अडलं ते कळतं, --व्हर्बोज-पार्सिंग जोडलं तर जास्त तपशील मिळतो. अडवणारा मॅक्रो एखाद-दुसराच असेल तर त्याची सोपी व्याख्या वेगळ्या फाइलीत लिहून --मॅक्रो-फाइलने द्या. दोनच जागा असतील तर हाताने बदला आणि कमिट संदेशात तसं लिहा.

नियम बरोबर, अर्थ चूक

स्ट्रलकॉपीचंच उदाहरण घेऊ. ते ६.८ मध्ये कर्नलमधून गेलं, त्याची जागा स्ट्रसकॉपीने घेतली. सरावाला ६.१ चा टॅग काढा, तिथे ते शिल्लक आहे. दोघांची नावं सात अक्षरांची, आर्ग्युमेंट तीच, क्रम तोच. त्यामुळे नियम अगदी सोपा वाटतो:

    - स्ट्रलकॉपी(क, ख, ग)
    + स्ट्रसकॉपी(क, ख, ग)

हा नियम चुकीचा आहे. स्ट्रलकॉपी मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत देतं. स्ट्रसकॉपी किती अक्षरं उतरली ते सांगतं आणि जागा पुरली नाही तर उणे ई२बिग, म्हणजे उणे ७ देतं. आता समजा कोडमध्ये 'इफ (स्ट्रलकॉपी(क, ख, ग) >= ग)' आहे आणि ग हा इंट आहे, १६. आधी लांब स्ट्रिंग आली की अट खरी व्हायची आणि एरर परत जायची. नव्याने उणे ७ हे १६ पेक्षा लहान, अट खोटी. अर्धवट कापलेली स्ट्रिंग पूर्ण समजून कोड पुढे जातो. गच्या जागी साइझऑफ असेल तर उणे ७ चं रूपांतर प्रचंड मोठ्या अनसाइन्ड संख्येत होतं आणि अट योगायोगाने खरी ठरते. एकाच नियमाने एका फाइलीत दोष घुसला, शेजारच्या फाइलीत नाही, आणि कंपायलर दोन्हीकडे गप्प.

उपाय एका अर्धविरामाचा आहे:

    - स्ट्रलकॉपी(क, ख, ग);
    + स्ट्रसकॉपी(क, ख, ग);

अर्धविरामासकट लिहिलं की फक्त स्वतंत्र स्टेटमेंट जुळतं, म्हणजे जिथे परत आलेली किंमत कुणी वापरतच नाही अशाच जागा. उरलेल्या जागा हाताने करायच्या, प्रत्येकीचा वेगळा विचार करून.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कुणालाही विचारा, पॅटर्नमध्ये चीर असेल तर ती प्रत्येक कास्टिंगवर उठते. इथेही तसंच, त्यामुळे नजर आधी नियमावर हवी. आपल्या नियमाला फसवू शकेल असा वीस-तीस ओळींचा छोटा डॉट-सी स्वतः लिहा: किंमत वापरलेली, मॅक्रोत गुंडाळलेली, कंस नसलेल्या इफखाली एकटी पडलेली, इफडेफने दुभागलेली. नियम त्यावर चालवून अपेक्षित डिफ मिळतो का पाहा. नियम बदलला की ही चाचणी पुन्हा.

तपासणी

निकाल लावण्याआधी किमान पहिले पंचवीस बदल डोळ्यांनी वाचा. काढलेल्या ओळीच्या वर 'इथे स्ट्रक्चर शून्य करतो' अशी कॉमेंट पोरकी राहते, दोन रिकाम्या ओळी लागोपाठ येतात, एकच ओळ उरलेल्या इफभोवती महिरपी कंस तसेच राहतात. नव्या नावाची लांबी वेगळी असेल तर पुढच्या ओळीवर गेलेली आर्ग्युमेंट कंसाखाली नीट येत नाहीत. कर्नलमधल्या चेकपॅच या शैली तपासणाऱ्या स्क्रिप्टला --स्ट्रिक्ट दिलं की हे पकडलं जातं.

मग बिल्ड. ऑलमॉडकॉन्फिगने (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून चालू करणारं कॉन्फिगरेशन) निदान बदललेलं फोल्डर तरी बांधा, आणि एक्स८६ वर समाधान मानू नका. कॉक्सिनेलने इफडेफच्या सगळ्या फांद्या बदलल्या आहेत, तुमच्या कंपायलरने एकच बघितली आहे. एआरएम६४ चा क्रॉस कंपायलर ॲप्टमधून मिळतो, त्यावर एक फेरी घ्या. स्पार्स या कोड तपासणाऱ्या साधनासाठी मेकला सी=१ द्या. वळवाच्या पावसात लॅबची वीज मध्येच गेली तर मेक उरल्या जागेवरून पुढे चालू होतो, पण आधी शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली शोधून काढा. नाहीतर लिंक करताना न समजणाऱ्या एरर येतात.

बदलाने वागणूक बदलायलाच नको असेल, उदाहरणार्थ नुसतं टाइपचं नाव बदललं असेल, तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडम्पने उलगडून तुलना करा. कर्नलमध्ये यासाठी ऑब्जडिफ नावाची स्क्रिप्ट आहे. दोन्ही एकसारख्या निघाल्या तर याहून भक्कम पुरावा नाही. फक्त एकही ओळ कमी-जास्त झाली तर वॉर्न मॅक्रोतले ओळीचे क्रमांक सरकतात आणि फरक दिसतो. तो फरक वेगळा काढून वाचा.

पाठवणं

शेकडो फाइलींचा एकच पॅच पाठवू नका. गेट-मेंटेनर स्क्रिप्टने प्रत्येक फाइलीचा मालक काढा आणि विभागवार तुकडे करा. प्रत्येक तुकडा एकटा लावला तरी बिल्ड व्हायला हवा. नेटवर्किंगवाल्यांकडे एका मालिकेत पंधरापेक्षा जास्त पॅच चालत नाहीत, मर्ज विंडोच्या (नव्या आवृत्तीत बदल घेतले जातात त्या) दोन आठवड्यांत त्यांचं नव्या कामाचं झाड, नेट-नेक्स्ट, बंद असतं, आणि दुसऱ्या कुठल्या कामाचा भाग नसलेली नुसती साफसफाई त्यांना नकोच असते, तसं त्यांच्या नियमांत लिहिलेलं आहे. पहिला पॅच असेल तर ड्रायव्हर्स/स्टेजिंग बरं. तिथे साफसफाई हेच काम असतं.

कमिट संदेशात बदल का करायचा ते आधी, आणि खाली अख्खा सिमँटिक पॅच जसाच्या तसा. हे शोभेसाठी नाही. मेंटेनर दोनशे ओळींचा डिफ वाचण्याऐवजी आठ ओळींचा नियम वाचतो, हवं तर स्वतःच्या झाडावर चालवतो. मधल्या काळात नवा कोड आला असेल तर त्यालाही तोच नियम लावता येतो. यंत्राने केलेला आणि हाताने केलेला बदल वेगवेगळ्या कमिटमध्ये ठेवा. एकत्र केले की नियमावरून पडताळणी करता येत नाही.

पाठवायला गिट सेंड-ईमेल वापरा. जीमेलच्या पानावर चिकटवलेल्या पॅचचे टॅब मोडतात आणि तो लागत नाही. जीमेलमधून पाठवायचं असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. उन्हाळ्यात कोल्हापुरात रात्री नऊला पाठवलेला मेल युरोपात संध्याकाळी साडेपाचला आणि कॅलिफोर्नियात सकाळी साडेआठला पोचतो, त्यामुळे पहिलं उत्तर मध्यरात्री येऊ शकतं. त्याच रात्री घाईने दुसरी आवृत्ती पाठवू नका. चोवीस तास थांबा, बाकीच्यांनाही बोलू द्या. उत्तरच आलं नाही तर आठवडाभराने त्याच धाग्यात नम्रपणे विचारा. दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते साइन्ड-ऑफ-बाय या सही-ओळीखालच्या तीन रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते मेंटेनरला दिसतं पण इतिहासात जात नाही. नियम बदलला असेल तर मात्र कमिट संदेशातला नियमही बदला आणि अख्खा डिफ नव्या नियमाने पुन्हा काढा. जुन्या डिफवर हाताने ठिगळ लावू नका.